कुरूप म्हणून आलेली चामखीळ: एका मल्लखांबपटू मुलीच्या तळपायाचं प्रकरण

ती आत आली तेव्हा मी आधी तिच्या चपला बघितल्या. उजव्या चपलेची बाहेरची कड झिजून कागदासारखी झाली होती, अंगठ्याखालचा भाग मात्र नवाकोरा. म्हणजे पोर कित्येक महिने पायाच्या कडेवर चालत होती.

वय १०, पाचवीत, दोरीचा मल्लखांब करणारी. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आई आणि आजी तिला घेऊन आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. पायाचे बदललेले नाहीत.) आजींनी खुर्चीवर टेकायच्या आधीच निदान सांगून टाकलं, "कुरूप हाय, डॉक्टरीणबाई. लई खोल मूळ गेलंय त्याचं."

आमच्याकडे तळपायाला काहीही टणक आलं, टोचलं, की ते कुरूपच असतं. त्वचारोगाच्या ओपीडीत 'कुरूप झालंय' म्हणून आलेल्या मुलांच्या पायात मला बहुतेक वेळा चामखीळच सापडते. कुरूप हे दाबाचं आणि घर्षणाचं दुखणं आहे, वर्षानुवर्षं एकाच जागी भार पडून येणारं. दहा वर्षांच्या पोरीच्या पायाला तेवढी वर्षंच मिळालेली नसतात.

आधी काय काय होऊन गेलं होतं

सुरुवात दिवाळीच्या सुट्टीत झाली होती. अंगठ्याखालच्या उंचवट्यावर मोहरीएवढा ठिपका. काटा मोडला असेल म्हणून आईनं सुईनं टोकरलं. काटा निघाला नाही, रक्त निघालं. मग मेडिकलमधून कॉर्न कॅप, म्हणजे कुरुपावर लावायच्या औषधी पट्ट्या आणल्या. त्या पट्टीच्या मध्यावरच्या गोल टिकलीत ४० टक्के सॅलिसिलिक ॲसिड असतं. गंमत म्हणजे निदान चुकलं असूनही औषध फारसं चुकलं नव्हतं, कारण चामखिळीवरही हेच ॲसिड वापरतात. पण पट्टी खेळताना सरकली, बाजूची धड कातडी पांढरी फटक होऊन सोलवटली, पोरगी रात्रभर रडली आणि तिसऱ्या दिवशी प्रकरण बंद.

वडील सुतार. हात कसबी, म्हणून त्यांनी दाढीचं नवं ब्लेड घेऊन एका रविवारी ते 'साफ' केलं. पुढच्या दोन महिन्यांत त्या कापाच्या रेघेवर ओळीनं नव्या उगवल्या. हे चामखिळीचं ठरलेलं वागणं आहे. जिथे ओरखडा, तिथे विषाणूला दार उघडं. तोवर टाचेवरही एक पुंजका झाला होता.

फेब्रुवारीत आजींनी बिब्बा घातला. दाभणाला बिब्बा टोचायचा, दिव्यावर धरायचा, फुलून तेल सुटलं की तो थेंब कुरुपावर टिपायचा. आजींच्या स्वतःच्या टाचांवर हे तीस-चाळीस वर्षांत अनेकदा झालेलं होतं आणि शेतात राबलेल्या त्या जाड कातडीनं ते सोसलंही होतं. नातीच्या पायाला ते सोसलं नाही. बिब्बा उतला. पाऊल घोट्यापर्यंत सुजलं, पाण्याचे फोड आले, दहा-बारा दिवस शाळा बुडाली. काजू, आंबा, बिब्बा ही सगळी एकाच कुळातली झाडं. काजूच्या टरफलाचं तेल लागून हात भाजलेले कोकणात पुष्कळ दिसतात, हा त्याचाच थोरला भाऊ. सूज उतरली तेव्हा चामखिळी जागच्या जागी होत्या.

मग दोन महिने होमिओपॅथीच्या थुजाच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या आणि वरून लावायचं त्याचंच औषध. त्यानं पाय भाजला नाही, एवढं त्याच्या बाजूनं नक्की म्हणता येईल. शेवटी एका सर्जननी 'भूल देऊन कापून टाकू' म्हटलं, तेव्हा आई घाबरली आणि जूनमध्ये माझ्याकडे आली.

हे सगळं मी इतकं लांबण लावून लिहिते आहे, कारण माझ्यासमोर आलेली मुलगी नुसती चामखिळी असलेली नव्हती. सुई, ॲसिड, ब्लेड आणि बिब्बा असे चार हल्ले होऊन गेलेला तो पाय होता. हे मला त्या दिवशी दिसायला हवं होतं. दिसलं नाही, ते पुढे येईलच.

पायात काय दिसलं

एकूण सात. सगळ्यात मोठी अंगठ्याखालच्या उंचवट्यावर, ९ मिलिमीटरची. तिच्या शेजारी ब्लेडच्या रेघेवर दोन. टाचेवर तिघींचा एकमेकींत मिसळलेला पुंजका, फरशीच्या तुकड्यांच्या नक्षीसारखा. आणि सातवी, आकारानं तांदळाच्या दाण्याएवढी पण दुखायला सगळ्यांत वाईट, अंगठ्याच्या आतल्या बाजूला, दुसऱ्या बोटाकडच्या बेचक्यात. दोरीच्या मल्लखांबात नेमक्या त्याच बेचक्यात दोरी पकडून अंगाचा सगळा भार पेलायचा असतो.

आजींसाठी मी भिंग काढलं. "आजी, ह्या पायाच्या रेषा बघा. बोटाच्या ठशासारख्या जातायत ना? आता इथं बघा, येऊन थांबल्या आणि वळसा घालून गेल्या." कुरुपात रेषा वरून तशाच चालू राहतात, चामखिळीत तुटतात. मग मी वरून अंगठ्यानं दाबलं, तेव्हा मुलीनं नुसतं नाक मुरडलं. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलं तेव्हा ती ओरडली. कुरूप असतं तर नेमकं उलट झालं असतं. वरची जाड कातडी थोडी तासल्यावर आत काळी टिंबं दिसली. घरचे ह्याच टिंबांना 'मूळ' म्हणत होते. ती मुळं नव्हेत. चामखिळीत वर चढलेल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या असतात, त्यांत रक्त गोठून काळं पडतं.

मुळाचा हा समज फार नुकसान करतो. मूळ आहे म्हटलं की ते उपटायची इच्छा होते. खरं तर चामखीळ कातडीच्या सर्वांत वरच्या थरातच राहते, खालच्या थरात शिरत नाही. तळपायावर ती भारामुळे आत ढकलली जाते आणि वर कातडीचं घट्ट झाकण बसतं. बुटात खडा गेल्यावर पावलापावलाला जे होतं, तेच ह्या मुलीला होत होतं. खडा तिच्याच कातडीचा होता, एवढाच फरक.

विषाणू ह्यूमन पॅपिलोमा कुळातला, म्हणजे एचपीव्ही. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत, तळपायावर प्रामुख्यानं १, २, ४, २७ आणि ५७ हे सापडतात. तो रक्तात उतरत नाही, सूज आणत नाही, ताप आणत नाही. म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांना घरात चोर शिरलाय हे महिनोन्‌महिने कळतच नाही. ज्या दिवशी कळतं, त्यानंतर काही आठवड्यांत चामखीळ आपण होऊन जाते. शाळकरी मुलांत साधारण निम्म्यांच्या वर्षभरात जातात, दोन वर्षांत दोन तृतीयांश मुलांच्या. ज्यांच्या जात नाहीत, ती मुलं आमच्याकडे येतात. वारंवार ताप, न भरणाऱ्या जखमा, घटतं वजन असं काही आहे का ते विचारलं, अंगभर तपासलं. प्रतिकारशक्तीत खोट असल्याची एकही खूण नव्हती, म्हणून रक्ताच्या तपासण्या लिहिल्या नाहीत.

माझी चूक

पुढच्या भेटीला वडील आले. दोन गोष्टी घेऊन आले. एक, जुलैअखेरीस जिल्ह्याची निवड चाचणी आहे, तोवर पाय मोकळा हवा. दुसरी, "मॅडम, मोबाइलवर वाचलं, एचपीव्ही म्हणजे कॅन्सरचा व्हायरस."

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं आणि मी ते नीट दिलं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी मुख्यतः १६ आणि १८ हे प्रकार जोडलेले आहेत, पायातले वेगळे. पुण्यात तयार झालेली आणि २०२२ मध्ये परवाना मिळालेली जी लस आहे ती ६, ११, १६ आणि १८ यांच्यासाठी. ती ह्या पायासाठी नाही. पण मुलगी दहा वर्षांची आहे, लस नऊपासून देता येते, तेव्हा तिच्या स्वतःच्या कारणासाठी ती जरूर द्या. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

पहिल्या प्रश्नापुढे मी नमले. चामखीळ गोठवायला द्रव नायट्रोजन काढला, उणे १९६ अंशांचा. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये तळपायाच्या चामखिळींवर २४० जणांचा एक अभ्यास झालेला आहे, २०११ साली प्रसिद्ध झालेला. निम्म्यांना डॉक्टरांनी नायट्रोजन दिला, निम्म्यांनी घरी ५० टक्के सॅलिसिलिक ॲसिड लावलं. १२ आठवड्यांनी दोन्हीकडे पूर्ण बरे झालेले फक्त १४ टक्के. म्हणजे नायट्रोजननं जास्त गुण येतो असं नाही, दुखतं मात्र जास्त. शिवाय त्या अभ्यासात १२ वर्षांखालचं कुणी नव्हतं. हे मला माहीत होतं. तरी समोर बाप उभा, तारीख ठरलेली आणि हातात धूर सोडणारं यंत्र असलं की आपण काहीतरी ठोस करतोय असं वाटतं. डॉक्टरलाही वाटतं.

मुलीला मी सांगितलं, "मुंगी चावल्यासारखं होईल." तीन मोठ्या चामखिळींवर पंधरा-पंधरा सेकंद, विरघळू दिलं, पुन्हा पंधरा सेकंद. वडिलांनी पाय धरून ठेवला होता. ती मुंगी नव्हती. दुसऱ्या दिवशी रक्तानं भरलेला जांभळा फोड आला, चार दिवस पाय टेकवेना, सराव बुडाला आणि निवड चाचणी अर्थातच हुकली. तीन आठवड्यांनी फोड सुकून गळला तेव्हा मोठ्या चामखिळीचा मध्यभाग गुळगुळीत होता आणि भोवती बांगडीसारखं नव्या चामखिळीचं कडं उगवलं होतं. नायट्रोजननंतर असं कडं येतं, पुस्तकात त्याचं चित्र असतं. ९ मिलिमीटरची आता १३ मिलिमीटरची झाली होती.

त्या भेटीत ती टेबलाखाली जाऊन बसली. आई ओढून काढायला वाकली, तिला मी थांबवलं. मी खाली फरशीवर बसले आणि म्हटलं, "मी तुला खोटं सांगितलं होतं." बराच वेळ ती काही बोलली नाही. मग विचारलं, "आजही सांगणार आहात का?"

नव्यानं सुरुवात

त्या दिवशी मी पायाला हातसुद्धा लावला नाही. फक्त ठराव केला. ती 'थांब' म्हणाली की मी त्या क्षणी थांबायचं. सुई, नायट्रोजन, कॉटरी (विजेनं जाळणं) यातलं काही तिला आधी सांगितल्याशिवाय टेबलावर येणार नाही. आणि उपचाराचं पहिलं काम चामखीळ घालवणं नाही, दुखणं घालवणं. आईबापांना हे पटायला वेळ लागला. 'मग जाणार कधी?' हा प्रश्न त्या अर्ध्या तासात पाच वेळा आला.

पुढच्या आठवड्यात तिनं ठराव तपासून पाहिला. १५ नंबरचं ब्लेड कातडीला आडवं धरून मी वरची मेलेली कातडी तासायला लागले. हे नीट केलं तर दुखत नाही, नखं कापण्यासारखं आहे. ती चार वेळा 'थांब' म्हणाली आणि चारही वेळा दुखत नव्हतं, मला दिसत होतं. चारही वेळा मी ब्लेड ट्रेमध्ये ठेवलं. पाचव्यांदा ती काही बोलली नाही, उलट मान वाकवून बघायला लागली. पेन्सिल तासल्यासारखे पिवळट पापुद्रे निघत होते. लाल टिंब दिसलं की थांबायचं, त्याच्या खाली जायचं नाही. खाली उतरून दहा पावलं चालली आणि आईकडे बघून म्हणाली, "खडा गेला."

एवढ्याच गोष्टीला कित्येक महिने लागले होते. चामखिळी सातच्या सात होत्या. पण दुखण्याचा मोठा वाटा वरच्या झाकणाचा होता, तो गेला. उरलेल्या भारासाठी जुन्या स्लिपरच्या फोमचा रुपयाएवढ्या भोकाचा गोल कापून तो बुटाच्या आत चिकटवायला सांगितला, भोक चामखिळीच्या बरोबर खाली येईल असा. हे काम वडिलांनी केलं. सुताराच्या मापानं केलं, म्हणून ते नेमकं बसलं.

घरचं रोजचं काम असं ठरलं. रात्री नऊला, जेवणं आटोपल्यावर, अंघोळीइतक्या गरम पाण्यात दहा मिनिटं पाय. मग पांढरी पडलेली कातडी घासायची. ह्यासाठी वडिलांनी १२० नंबरच्या पॉलिश पेपरचे अंगठ्याएवढे चौकोन कापून डबीत भरून ठेवले. एक तुकडा एका रात्रीपुरता, मग कचऱ्यात. ब्लेडचा दोष त्यांच्या मनातून गेला नव्हता, तो ह्या डबीनं बराच हलका झाला असावा. नंतर बाजूच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीनचं कुंपण आणि मध्ये टूथपिकनं एकच थेंब औषध. सॅलिसिलिक आणि लॅक्टिक ॲसिड, दोन्ही १६.७ टक्के, कोलोडियन नावाच्या, वाळून पापुद्रा धरणाऱ्या द्रवात. बाटलीबरोबरचा ब्रश मोठा असतो, तो औषध हवं तिथेही लावतो आणि नको तिथेही. पाच मिनिटांत फेविकॉल वाळल्यासारखा पांढरा पापुद्रा धरतो. त्यावर कापडी चिकटपट्टी. कोलोडियन चटकन पेट घेतं, म्हणून देवघरात निरांजनासमोर बसून लावायचं नाही, हे आईला दोनदा सांगितलं, कारण त्यांच्या घरात उजेडाची जागा तीच होती.

बेचक्यातली कातडी पातळ. तिथे एकाआड एक दिवस आणि बोटांमध्ये कापसाचा बोळा. कुठेही लालसर झालं, झोंबलं, तर दोन दिवस सुट्टी. सुट्टी म्हणजे औषध सोडणं नाही, हे कळायला पालकांना जड जातं. बहुतेक घरांत उपचार इथेच मोडतो. पहिले दहा दिवस उत्साह, मग झोंबतं, मग दोन दिवस सुट्टी, आणि ती सुट्टी संपतच नाही. ह्या घरात ती संपली त्याचं श्रेय कालनिर्णयला. मुलगी रोज तारखेवर पेन्सिलनं फुली मारायची आणि सुट्टीच्या दिवशी गोल. माझ्याकडे दर तीन आठवड्यांनी येताना ते पान फाडून आणायची.

वडिलांनी मध्येच विचारलं, नुसती चिकटपट्टीच लावली तर? त्यांनी तेही मोबाइलवर वाचलं होतं. २००२ मधल्या एका छोट्या अमेरिकन अभ्यासात चंदेरी टेपनं नायट्रोजनपेक्षा जास्त मुलं बरी झाली होती, त्यावरून जगभर टेपची लाट आली. नंतर नेदरलँड्समध्ये शाळेतल्या १०३ मुलांवर तेच करून पाहिलं, तेव्हा सांगण्याजोगा फरक उरला नाही. आमची पट्टी औषध जागेवर राहावं म्हणून होती.

वज्री, आजी आणि मल्लखांबाचे सर

ऑगस्टमध्ये मी न्हाणीघराचा विषय काढला. घरात वज्री एकच आणि सहा जण तिनंच पाय घासत होते. मुलगीही, गेले कित्येक महिने, नेमक्या त्या जागा घासून काढत होती. हा विषाणू कोरडेपणाला सहज मरत नाही. पोहण्याच्या तलावाला सगळे दोष देतात, पण मुलांना चामखिळी बहुधा घरातून आणि वर्गातल्या सोबत्यांकडून येतात. चुलतभावाच्या हातावर दोन वर्षांपासून चामखिळी आहेत, ही गोष्ट तेव्हा कुठे बाहेर आली. 'हातावरच्या' असल्यामुळे कुणी त्यांचा पायाशी संबंध जोडलाच नव्हता.

आणि ह्याच गप्पांत आजी सहज म्हणाल्या, पोरीच्या उरलेल्या कॉर्न कॅप मी माझ्या कुरुपाला लावते. आजींना पंधरा वर्षांचा मधुमेह. मी त्यांना तिथेच चप्पल काढायला लावली. त्यांचं खरोखरच कुरूप होतं, करंगळीवर. पट्टीच्या कडेनं कातडी ओली होऊन फाटायला लागली होती आणि त्यांना काही जाणवत नव्हतं. मधुमेही पायाला सॅलिसिलिक ॲसिड लावायचं नाही, पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. पण ते वाचतं कोण? ती जखम वेळेत भरली. खरं सांगायचं तर संपूर्ण प्रकरणात मला सगळ्यात जास्त धास्ती त्या करंगळीची वाटली होती. नातीच्या चामखिळींनी कुणाचा पाय गेला नसता.

मल्लखांबाच्या सरांनी मुलीला बाजूला बसवलं होतं, बाकीच्यांना लागण होईल म्हणून. त्यांची काळजी अगदीच खोटी नव्हती. एकच दोरी, वीस मुली आणि चामखीळ नेमकी पकडीच्या जागी. पण सहा महिने भिंतीला टेकून बसायची शिक्षा आजारापेक्षा मोठी. मी त्यांना चिठ्ठी लिहिली. बेचक्यातली जाईपर्यंत दोरी बंद. बाकी सगळं, म्हणजे दंड, सूर्यनमस्कार, चटईवरचे व्यायाम, चिकटपट्टी लावून चालेल. स्वतःची चटई, स्वतःचा टॉवेल. सरांनी ते मान्य केलं आणि तिला दोन धाकट्या मुलींचे सूर्यनमस्कार बघायला दिले. पुढच्या भेटीत ती माझ्याशी पहिल्यांदा आपण होऊन बोलली, ते ह्याबद्दल.

बारा आठवडे आणि नंतर

बेचक्यातली सप्टेंबरमध्ये गेली. दसऱ्याला ती पुन्हा दोरीवर होती. टाचेचा पुंजका पातळ होत होत दिवाळीच्या आत सपाट झाला, रेघेवरच्या दोघीही गेल्या. मोठी कडेवाली मात्र ढिम्म. बारा आठवड्यांच्या फुल्या झाल्या तरी तिचं माप १३ वरून ११ वर आलं होतं, एवढंच. दुखत नव्हती.

आता पुढे काय, हा प्रश्न मी मुलीसमोरच मांडला. चामखिळीच्या बुडाशी ड जीवनसत्त्वाचं किंवा गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचं इंजेक्शन देतात. ते चामखिळीला मारत नाही, पहारेकऱ्यांना तिथे बोलावून आणतं. एका चामखिळीत दिलं तरी कधीकधी दूरच्याही जातात. भारतात हे बरंच वापरलं जातं. चामखिळीचाच तुकडा काढून कातडीखाली पेरायचा, हाही प्रकार आपल्याकडच्याच डॉक्टरांनी २००९ मध्ये मांडला. ब्लिओमायसिन ह्या कर्करोगावरच्या औषधाचंही इंजेक्शन चामखिळीत देतात, ते मी मुलांच्या पायाला वापरत नाही. कॉटरी किंवा कापणं तळपायावर टाळते, कारण तिथला व्रण स्वतःच कायमचा दुखू शकतो, आणि चामखीळ परत येते ती येतेच.

"इंजेक्शन दुखतं का?"

"तळपायाला हो. खूप दुखतं, अर्धं मिनिट. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, असं तीन-चार वेळा."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर बहुतेक कधीतरी आपोआप जाईल. कधी, ते मला सांगता येणार नाही."

तिनं वडिलांकडे बघितलं नाही, हे मला लक्षात राहिलं आहे. म्हणाली, "डिसेंबरच्या स्पर्धेनंतर घेईन. लसीचं." जानेवारीचा दुसरा शनिवार ठरला. औषध बंद, घासणं फक्त रविवारी, फोमचा गोल चालू.

शनिवारी ती आली, टेबलावर चढली, पाय पुढे केला आणि डोळे घट्ट मिटले. मी दिवा ओढला. अंगठ्याखालच्या उंचवट्यावर थोडी गुलाबी, नवी कातडी होती. भिंग धरलं. रेषा एका बाजूनं येत होत्या आणि सरळ पलीकडे जात होत्या. वळसा नाही, टिंब नाही. आईला आठवलं की नाताळच्या सुट्टीत ती जागा काळी पडून दोन-चार दिवस खाजत होती आणि मग अंघोळीत पापुद्रा निघाला, 'कालवणात बुडवलेल्या भाकरीसारखा'. लस फ्रीजमध्येच राहिली.

वडिलांच्या मते पॉलिश पेपरनं गुण आला. आजींनी मार्गशीर्षातल्या गुरुवारी काहीतरी बोललं होतं, ते त्यांनी मला सांगितलं नाही. केसपेपरवर 'उपचाराने बरी' असं लिहायला मी पेन टेकवलं होतं. खोडून 'उपचारादरम्यान बरी' लिहिलं. सहा औषधाच्या काळात गेल्या, सातवी औषध थांबल्यावर.

जाता जाता आईनं सहा वर्षांच्या धाकट्याला पुढे केलं. त्याच्या डाव्या टाचेवर दोन बारीक ठिपके. दाबलं, चिमटीत धरलं, तो हसत होता. "दुखत नाही ना? मग राहू देत," मी म्हटलं, "त्याची वज्री तेवढी वेगळी ठेवा." सहा महिन्यांपूर्वी ही आई औषधाशिवाय उठली नसती. आता तिनं त्याचा मोजा वर ओढला आणि बुटाची नाडी बांधायला घेतली.